मार्सेलाबाई, कमलाबाई आणि येळवसची भज्जी

परवा लंच टाइमला आमच्या टीममधल्या एकीने डबा बाजूला सारला आणि जाहीर केलं, "बास झालं! मला इटालियन शिकायचंय. रेस्टॉरंटवालं नाही हं, घरचं. तिथल्या आज्या करतात तसलं. एखादं पुस्तक सांग ना."

आमच्या फ्लोअरवर मी 'पास्तावाला' म्हणून फेमस आहे. त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येणार होता. मी कॉलर टाइट केली आणि म्हटलं, "मार्सेला हझान घे. डोळे झाकून."

"पण यूट्यूब आहे की."

"यूट्यूब बघून एक डिश येते. पुस्तक वाचून स्वयंपाक येतो."

काय डायलॉग होता! टेबलावर दोन सेकंद शांतता. मग कोपऱ्यात बसलेल्या आमच्या ट्रेनीने, जो लातूरकडचाच आहे, हळूच विचारलं, "सर, मग आपल्याकडचं शिकायला कुठलं पुस्तक आहे? म्हणजे येळवसची भज्जी वगैरे?"

माझी कॉलर आपोआप सैल झाली. कारण नेमक्या याच प्रश्नाने मागच्या हिवाळ्यात माझी विकेट काढली होती. तेव्हा मंडळी, आजचा कॉलम त्या दोघांसाठी. आधी इटली, मग चाकूर.

इटलीतलं चाकूर

पहिली गोष्ट. 'इटालियन फूड' नावाची एक गोष्ट नसतेच. आपण 'महाराष्ट्रीयन थाळी' म्हणतो आणि कोल्हापूर, मालवण, नागपूर एका ताटात कोंबतो, तसलाच तो प्रकार. उत्तरेला बोलोन्याकडे लोणी आणि अंडं घातलेला ताजा पास्ता, खाली नेपल्सकडे ऑलिव्ह ऑइल, टोमॅटो आणि वाळवलेला पास्ता. दोन्हीकडच्या आज्यांना एका किचनमध्ये उभं केलं तर भांडण नक्की.

मग या सगळ्याला एकत्र आणलं कोणी? इटली देश म्हणून एकत्र झाला १८६१ साली. त्यानंतर ३० वर्षांनी, १८९१मध्ये, पेल्लेग्रिनो आर्तुझी नावाच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने फ्लोरेन्समध्ये स्वतःच्या खिशातून पैसे घालून एक पाककृतींचं पुस्तक छापलं. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. मग गावोगावच्या बायका त्याला पत्रं पाठवायला लागल्या. आमच्याकडे हे असं करतात, तुम्ही चुकलात, हेही घाला! तो घालत गेला, आणि शेवटी आकडा पोचला ७९०वर. आज भाषेत बोलायचं तर हे पुस्तक म्हणजे पोस्टाने चाललेला एक भला मोठा व्हॉट्सअॅप ग्रुप होता.

दुसरी आपली मार्सेलाबाई. शिक्षणाने सायन्सवाली, डॉक्टरेट केलेली. लग्न झालं १९५५मध्ये आणि नवऱ्याबरोबर न्यूयॉर्कला गेली. तोपर्यंत बाईने स्वयंपाक असा केलेलाच नव्हता! परक्या शहरात, दुपारी नवरा जेवायला घरी येणार, आणि हातात फक्त एक इटालियन पुस्तक आणि जिभेवरची आठवण. तिथून सुरुवात करून १९७३मध्ये तिने तिचं पहिलं पुस्तक काढलं आणि अमेरिकेला खरं इटालियन जेवण शिकवलं. तिच्या फेमस टोमॅटो सॉसमध्ये किती पदार्थ आहेत माहितीये? टोमॅटो, लोणी, अर्धा चिरलेला एक कांदा आणि मीठ. बस! दोन कप टोमॅटोला पाच टेबलस्पून लोणी, मंद आचेवर ४५ मिनिटं, आणि शेवटी कांदा काढून टाकायचा. लसूण नाही, ओरेगॅनो नाही. पहिल्यांदा केला तेव्हा मला वाटलं, पुस्तकात काहीतरी छापायचं राहिलंय. मग चाखला आणि गप्प बसलो.

आता गंमत बघा. आर्तुझीचं जन्मगाव फोर्लिंपोपोली. मार्सेलाबाईचं चेझेनातिको. दोन्ही बारकी गावं, आणि आजच्या नकाशात एकाच जिल्ह्यात! म्हणजे आपल्याकडे कसं, एक गुरू चाकूरचा आणि एक अहमदपूरचा. आणि दोघांनीही पुस्तक लिहिलं ते गाव सोडल्यावर. आर्तुझी कुटुंबाला १८५१मध्ये दरोडेखोरांनी लुटलं म्हणून त्यांनी गाव सोडलं. मार्सेलाबाई लग्नामुळे गेली. गावात राहणाऱ्याला पुस्तक लागत नाही हो, त्याला शेजारीण असते. पुस्तक लागतं ते गाव सोडलेल्याला.

मी चाकूर सोडलं १२वीनंतर. तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात असण्याचं काही कारण नव्हतं.

'चाकूर? ते कुठे आलं?'

पुण्यात हा प्रश्न मला निदान शंभर जणांनी विचारला असेल. लातूरहून अहमदपूर-नांदेडकडे निघालात की रस्त्यावर लागतं. शिवराज पाटील चाकूरकरांमुळे नाव तरी कानावरून गेलेलं असतं. लातूर रोड हे रेल्वे जंक्शन आमच्याच तालुक्यात आणि वनौषधींसाठी प्रसिद्ध असलेलं वडवळ नागनाथचं बेटही आमचंच.

आणि आमची येळवस. म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली, डिसेंबर-जानेवारीत येते. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, बाजारपेठेत शुकशुकाट आणि सगळं गाव शेतात. धाराशिवकडे, आणि सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गीकडेही हा सण आहे. ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवण. भज्जी, आंबील, उंडे, खीर, भाकरी. ज्याला शेत नाही त्यालाही कोणीतरी बोलावतंच. रस्त्याने चाललेल्या अनोळखी माणसाला हाक मारून जेवू घालतात. दिवाळीला रजा नाही मिळाली तर मी कुरकुर करतो. येळवसला नाही मिळाली तर राजीनामा टाइप करायला घेतो.

तर मागच्या हिवाळ्यात, येळवसला तीन आठवडे असताना, आई अंगणात घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. फोनवर म्हणाली, "यंदा ऱ्हाऊ द्या रं येळवस. नुसती पूजा करून या."

माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. आईचा हात बरा होणार होता, डॉक्टरने सांगितलं होतं. पण मनात आलं, आज हात आहे, उद्या आई नसली तर? दहा वर्षं मी रिझोतोला तांदूळ कुठला घ्यायचा यावर लेक्चर देतोय आणि माझ्याच घरची भज्जी मला येत नाही. म्हटलं, "आई, मी करतो."

पलीकडून हसण्याचा आवाज. हात मोडल्यापासून पहिल्यांदा हसली असेल.

बसंल तेवढं

साहजिकच आधी पुस्तकं काढली. पहिलं 'रुचिरा'. पुण्यात आल्यावर अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं, आता पानापानावर हळद. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७०मध्ये आलं. बाईंचं शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत, पण त्यांनी जे केलं ते भल्याभल्यांना सुचलं नव्हतं. सगळी मापं वाटी आणि चमच्यात दिली. 'अंदाजाने' या शब्दाला सुट्टी! साधं वरण मी या पुस्तकावरून शिकलो. हॉस्टेल, फ्लॅट, रूम पार्टनर, ब्रेकअप, सगळ्यांतून 'रुचिरा'नेच तारून नेलं. मग मंगला बर्वे यांचं 'अन्नपूर्णा' चाळलं. पण आमच्या घरच्या भज्जीची चव यातून काही हाती लागेना.

याचा दोष त्या बायकांना देऊ नका. ज्याने लिहिलं त्याचं किचन पुस्तकात आलं. आमच्याकडच्या किचनने लिहायचंच ठेवलं होतं.

मग मी चार दिवस आधीच चाकूर गाठलं. वही, पेन आणि डिजिटल वजनकाटा घेऊन. आई बाजेवर बसलेली, हात गळ्यात. मी चुलीपुढे.

"पीठ किती?"

"बसंल तेवढं."

"बसंल म्हणजे किती, आई?"

"भाजीत बसंल तेवढं! काय लिहायलास रं एवढं? भज्जी करायलास का परीक्षा द्यायलास?"

मीठ तिने 'मूठभर' सांगितलं. मी घातलं. पहिली भज्जी म्हशीने खाल्ली नसती, कारण माझी मूठ आईच्या मुठीपेक्षा चांगली मोठी निघाली. तेव्हा ट्यूब पेटली. कमलाबाईंनी वाटी का आणली, ते त्या दिवशी कळलं. आईची मूठ बरोबर आईच जाणार. वाटी मागे राहते.

मग आम्ही सिस्टिम बसवली. डबा आधी वजनकाट्यावर. आई डाव्या हाताने काढणार, काढून मला देणार, मी डबा परत मोजणार. कमी झालं ते माप. तिसऱ्या दिवशी आईला यात मजा यायला लागली. "आता बग बरं किती झालं," असं स्वतःच म्हणायची.

हे आमचं माप, दहा जणांचं. तुरीचे ओले दाणे दोन वाट्या, सोललेला ओला हरभरा एक, मटार एक, पावट्याचे दाणे एक, भिजवलेले शेंगदाणे अर्धी वाटी. मेथी, पालक, चाकवत आणि आंबट चुका यांची एकेक जुडी. दोन गाजरं, तीन वांगी. दीड वाटी बेसन. २० हिरव्या मिरच्या आणि लसणाचे दोन गड्डे, जाडसर ठेचून. सगळे दाणे आधी शिजवून घ्यायचे, मग चिरलेल्या भाज्या त्यात. दुसऱ्या पातेल्यात तेल, जिरं, ठेचा, हळद, आणि त्यावर हे सगळं ओतायचं. आठ-दहा वाट्या पाणी. उकळी आली की पाण्यात कालवलेलं बेसन बारीक धारेने, हलवत हलवत. मग मंद आचेवर २०-२५ मिनिटं. चुका कमी पडला तर चिंचेचा कोळ. मीठ शेवटी, आणि मुठीने नाही!

येळवसच्या दिवशी शेतात पहिला घास वडिलांनी घेतला. काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा वाढून घेतली. आमच्याकडे याला फाइव्ह स्टार रेटिंग म्हणतात.

'ते तुमच्या घरी कुठं चालतंय?'

इथे कॉलम संपवता आला असता. हॅपी एंडिंग, म्युझिक. पण एक गोष्ट राहिली.

भज्जी लिहून घेताना मी आईला विचारलं होतं, "चुका घालायचं आजीने शिकवलं का?" आई म्हणाली, "तुझी आजी चिंचच घालायची. चुका मावशीचा."

मावशी म्हणजे आमच्या शेतावर वर्षानुवर्षं काम करणारी बाई. माझ्या जन्माआधीपासून. दर येळवसला ती आणि तिची माणसं आमच्या शेतात जेवतात. मी लहानपणापासून बघत आलोय. आम्ही कोपीपाशी, ते बांधाच्या कडेला. कोणी कोणाला तिकडे बस म्हणत नाही. सगळे आपापल्या जागी आपोआप बसतात. अनोळखी वाटसरूला हाक मारून पंगतीत घेणारे आम्ही, आणि रोजची मावशी बांधाला. याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

पुण्यात परतल्यावर एका मित्राने पुस्तक हातात ठेवलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. २०१५ साली आलेलं. पाटोळे धाराशिव जिल्ह्याचे, केंद्र सरकारच्या माहिती सेवेत नोकरी केलेले. नाव बघा. पंगतीत जो श्लोक आपण म्हणतो, त्यातल्या शब्दाला एकच 'अ' जोडलाय, आणि सगळा अर्थ उलटा. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकघराचं हे पुस्तक. मांसाच्या वाळवलेल्या चान्या, रक्ती, आणि येसूर, म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, ज्याने पातळ रस्सा दाट होतो. तेल-तुपाची चैन नसलेल्या, मिळेल त्यातून चव काढणाऱ्या पाककृती. पण हे नुसतं रेसिपी बुक नाही. कोणाच्या वाट्याला काय आलं, का आलं, आणि ते खाल्लं म्हणून त्याच माणसांना कमी कसं लेखलं गेलं, हे सगळं त्यात आहे. २०२४मध्ये भूषण कोरगांवकर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा'. त्यामुळे ज्यांचं मराठी वाचन शाळेबरोबर सुटलं, त्यांनाही आता बहाणा नाही.

एका रात्रीत वाचून काढलं. भज्जीसाठी पुस्तकं धुंडाळताना मी कुरकुरत होतो, की आमचं किचन कोणी लिहिलं नाही. आणि इथे कळलं, की आमच्याच बांधाला एक किचन होतं, जे लिहायचं सोडा, आम्ही विचारलंही नव्हतं. तिचा चुका आमच्या पातेल्यात चालला. तिच्या घरात काय शिजतं, हे मला ३० वर्षांत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशीला फोन लावला. म्हटलं, "मावशी, तुमच्याकडचं येसूर कसं करतात?"

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "ते तुमच्या घरी कुठं चालतंय, दादा?"

टोमणा नव्हता हो. अगदी साधेपणाने विचारलं. म्हणूनच जास्त लागलं. मला उत्तर सुचलं नाही. 'आम्ही असलं काही मानत नाही' हे आपलं पुणेरी ऑफिसातलं वाक्य ओठावर आलं होतं, पण येळवसचा बांध आठवला आणि ते गिळलं. म्हटलं, "माझ्या घरी चालवायचं मी बघतो. तुम्ही शिकवा."

"मग हितं ये. फोनवर नाही येत असलं."

गेलो. होळीच्या सुट्टीत, तिच्या घरी, पहिल्यांदा. वही काढली तर म्हणाली, "ते ठिव आधी. हातानं भाज, मग लिही." बाजरी कुठपर्यंत भाजायची हे ती वासावरून सांगत होती, मी घड्याळ बघत होतो. दोनदा करपवली. तिसऱ्यांदा जमली. जेवायला एकाच चटईवर बसलो. चव कशी होती? आमच्या घरच्या आमटीची कुठलीतरी हरवलेली मोठी बहीण असावी, तशी.

वडिलांना सांगितलं. ते गप्प बसले. हे गप्प भज्जीवालं गप्प नव्हतं. येत्या येळवसला कोण कुठे बसेल, यावर आमच्या घरात बोलणं सुरू आहे, एवढंच आज सांगू शकतो. आई माझ्या बाजूने आहे. प्लास्टर निघालंय, आणि बाईंच्या हातात पुन्हा पळी आहे!

शेल्फवर काय ठेवाल?

इटालियन शिकायचंय? मार्सेला हझान यांचं 'इसेन्शियल्स ऑफ क्लासिक इटालियन कुकिंग'. १९९२चं आहे, त्यात त्यांची पहिली दोन पुस्तकं एकत्र आहेत. आधी टोमॅटो सॉस करा, मग पुढचं पान उलटा. आर्तुझीचा इंग्रजी अनुवाद रात्री झोपताना वाचायला. गोष्टी सांगत सांगत स्वयंपाक शिकवतो.

मराठी घरचं, अगदी शून्यातून? 'रुचिरा'. वाटी आणि चमचा घ्या आणि सांगितलं तसं करा. हुशारी तिसऱ्यांदा करताना दाखवा.

महाराष्ट्रात किती प्रकारची किचन्स आहेत ते बघायचंय? सई कोरान्ने-खांडेकर यांचं इंग्रजी 'पंगत', २०१९चं. वेगवेगळ्या भागांतल्या आणि समाजांतल्या घरांतून फिरवून आणतं.

आणि 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. ते किचनमध्ये नको, उशाशी ठेवा.

शेवटचं पुस्तक दुकानात मिळत नाही. २०० पानी वही, स्टेशनरीवाल्याकडे. एक वाटी ठरवा, तीच कायम वापरा. आई किंवा आजी किंवा मावशी 'बसंल तेवढं' म्हणाली की डबा आधी आणि नंतर मोजा. पदार्थ कोणी शिकवला, तिला कोणी शिकवला, हेही लिहा. आणि आपल्या घरच्या चवीतलं काय काय बांधापलीकडून आलंय, ते विचारायला लाजू नका.

मैत्रिणीने मार्सेलाबाई ऑर्डर केलीये. ट्रेनीने वही आणलीये, पहिल्या पानावर 'भज्जी' एवढंच लिहिलंय. मी त्याला माझी रेसिपी द्यायला निघालो होतो, पण थांबलो. त्याच्या आईची वेगळी असणार. म्हटलं, "फोन लाव. आणि चुका घालतात की चिंच, ते आधी विचार."